बांधाखालच्या गावातला कावळा

बाबांना अख्ख्या अमेरिकेत एकच गाव आवडलं, आणि तेही नेमकं चिनी निघालं. गोल्डन गेट दाखवला तर "बरा आहे पूल" म्हणाले. लेक ताहोला नेलं तर ह्याचं पाणी कुठे सोडतात म्हणून विचारत बसले. मॉलमध्ये नेलं तर दारातल्या बाकावर बसले ते आम्ही परत येईपर्यंत उठले नाहीत. आणि एका रविवारी सॅक्रामेंटो नदीच्या काठाने उगाच भटकत असताना, रस्त्याच्या खालच्या अंगाला, पेअरच्या बागांना टेकून उभं असलेलं ते जुनाट लाकडी गाव दिसल्याबरोबर म्हणाले, "थांबव गं गाडी."

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी सॅक्रामेंटोच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत होते, नवरा इंजिनिअर. आई आदल्या मार्गशीर्षात गेली. मी एकुलती एक. तार आली, कसंबसं तिकीट मिळालं, विमान लेट झालं, आणि मी घरी पोचले तेव्हा दिवसपाणी सगळं उरकलं होतं. दहाव्याला कावळा शिवला नाही, हे मला चुलतभावाने सांगितलं. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा पिंडाला शिवत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नदीकाठी सगळे दुपारपर्यंत ताटकळले. कोणी म्हणालं, काकू, लेकीला अंतर देणार नाही. कोणी म्हणालं, तुमचा देव्हारा सांभाळू. कावळे झाडावर बसून नुसते बघत राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला गेली. बाबांना ते कधीच पटलं नाही. सहीच्या जागी भलत्याचाच अंगठा उठवल्यासारखं झालं ते, म्हणायचे. तिला काहीतरी हवं होतं आणि ते आपल्यापैकी एकालाही ओळखता आलं नाही, एवढं त्यांनी डोक्यात धरून ठेवलं.

मी त्यांना घेऊन आले. थोडे दिवस राहा म्हणून आणलं आणि आल्यावर ग्रीन कार्डासाठी अप्लाय केलं. ते हातात पडेपर्यंत देशाबाहेर जाता येत नाही, हे मागाहून सांगितलं. मी चुकले असं मी आजही म्हणणार नाही. तिकडे होतं कोण? चहात साखर किती घालायची हे ज्या माणसाला जन्मात कळलं नाही, त्याला कालव्याकाठच्या त्या घरात एकटं टाकून मला इथे घास गिळला असता का? नवरा म्हणायचा, अगं, त्यांना विचार तरी. मी म्हणायचे, विचारायचंय काय त्यात? आपलं माणूस आपल्याजवळ हवं, संपलं.

तर त्या गावात रस्त्यावरून लाकडी जिन्याने खाली उतरावं लागायचं. खाली एक अरुंद गल्ली. दोन्ही अंगांना दुमजली घरं, रंग केव्हाच उडालेला, सज्जे पुढे कललेले, एक घर दुसऱ्याच्या खांद्यावर रेललेलं. चिनी अक्षरांच्या पाट्या. बंद पडलेला जुगाराचा अड्डा, बंद पडलेली शाळा, झाडपाल्याच्या औषधांच्या दुकानात काचेमागे धूळ खात पडलेल्या बरण्या. गळ्यात कॅमेरे अडकवलेले गोरे टुरिस्ट कुजबुजत हिंडत होते, आणि मीही त्यांतलीच एक. दारांपुढे बाक होते, बाकांवर म्हातारे बसलेले. सगळे पुरुष. बाई एकही दिसली नाही, पोरंबाळं नाहीत, दोरीवर वाळत घातलेलं झबलं नाही. मला ते पहिल्याच दिवशी खटकलं. बाबा मात्र खुशीत होते. अमेरिकेत आल्यापासून घराबाहेर नुसता बसलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच दिसत होता.

घरांच्या मागे भाजीचे वाफे होते. बाबा एकदम उकिडवे बसले. कारली, दोडके, हातभर लांबीच्या चवळीच्या शेंगा, कोपऱ्यात कोहळा. "अगं, ही तर आपली भाजी," म्हणाले, आणि कारल्याच्या वेलाला असा हात लावला की मला दुसरीकडे बघावं लागलं. वाफ्याचा मालक बाहेर आला. वाळून काटकी झालेला, पण ताठ म्हातारा, मोडकंतोडकं इंग्लिश बोलणारा. त्याने न विचारताच बाबांच्या ओंजळीत कारली घातली. त्या दिवसापासून बाबांच्या बोलण्यात तो "चिनीबुवा" झाला.

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली, बांधांवर आणि कालव्यांवर. जाताना ते जिना चढून रस्त्यावर आले, पलीकडे वाकून नदी बघितली, मग वळून खालची घरं बघितली. चेहरा उतरला त्यांचा. आम्ही ज्याला रस्ता समजत होतो तोच बांध होता. पलीकडे नदी भरून वाहत होती आणि अलीकडे गाव तिच्या पाण्याच्या पातळीखाली बसलं होतं. बाबांनी बांधाच्या उतारावर काठीने टोचून बघितलं. इकडच्या खारी जमिनीत बिळं करतात, त्यांनी उतार पोखरला होता, काठी मुठीपर्यंत आत गेली. मला म्हणाले, हे गाव बुडालेलंच आहे, पाणी तेवढं यायचंय.

चिनीबुवाला मी ते जरा गोड करून सांगितलं. तो हसला. म्हणाला, हा बांध आमच्याच लोकांनी घातला, कमरेएवढ्या चिखलात उभं राहून, फावड्याने. पेअरच्या बागाही आम्हीच उभ्या केल्या. पण ज्या जमिनीवर ही घरं आहेत ती आमची नाही. त्या काळी आम्हाला जमीन घ्यायला कायद्याने बंदी होती. फळ्या आमच्या, जमीन मालकाची. बाबांनी हे नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. बांध घालणारा बांधाखालीच राहतो, हे तिकडे काय नि इकडे काय, सारखंच, म्हणाले.

मग दर दोन-तीन रविवारी "जाऊया का गावाला?" सुरू झालं. दुसरं कुठे सुचवायची सोय नव्हती, त्यांच्या हट्टापुढे कोणाचं चाललंय! मला तिथे जायला नको वाटायचं. दर खेपेला बाकावरचा एखादा म्हातारा कमी झालेला असे. त्याच्या दाराला कुलूप, खिडकीतून आतलं कॅलेंडर दिसायचं, आणि दारापुढची खुर्ची तशीच. ती खुर्ची कोणी उचलत नसे आणि तिच्यावर कोणी बसतही नसे. एकदा मी दमून अशाच एका खुर्चीवर टेकणार होते, तर चिनीबुवाने लांबूनच हात हलवून नको म्हटलं.

उन्हाळ्याच्या अखेरीला त्याने आम्हाला चहाला घरात बोलावलं. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि दाराशी दोरखंडाने बांधलेली एक ट्रंक. मी आपलं बोलायला विषय म्हणून विचारलं, कुठे निघालात का? तो म्हणाला, हो, निघालोच आहे, तरुण होतो तेव्हापासून. बायको तिकडे होती. जायचं ठरवलं की काहीतरी आडवं यायचं. आधी लढाई, मग तिकडची क्रांती. मग बायकोच गेली. ट्रंक सोडायची राहून गेली.

मग चहा ओतता ओतता त्याने सांगितलं, की पूर्वी इथे मेलेल्या माणसाला इथेच पुरायचे, पण कायमचं नाही. काही वर्षांनी हाडं उकरून काढायची, धुवायची, पेटीत नीट रचायची आणि बोटीने त्याच्या गावी पाठवून द्यायची. म्हणजे मेल्यावर का होईना, माणूस घरी जायचाच, ही खात्री असायची. पुढे तेही बंद पडलं. आता इथला तो इथला. बाबांनी मला हे पुन्हा एकदा सांगायला लावलं, शब्दन् शब्द. मी सांगितलं.

म्हाताऱ्याने मग बाबांकडे बोट केलं आणि मला विचारलं, हे घरी कधी जाणार? मी मराठीत सांगितलं. बाबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "त्याला सांग, हे माझ्या मुलीला विचार."

मी ते भाषांतर केलं नाही. त्यांना इथे फार आवडतं, असं सांगून मोकळी झाले. चिनीबुवाने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि बाबांच्या कपात आणखी चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर बाबांची बॅग कपाटावरून उतरून त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी होती. उचलून बघितली, जड होती. मी ती परत वर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी. असं आठवडाभर चाललं आणि त्यावरून आमच्यात एका शब्दाने बोलणं झालं नाही. शेवटी मीच नाद सोडला. घरात वावरताना त्या बॅगेला वळसा घालून जायची आम्हाला सवय झाली.

पितृपक्षात बाबांनी बॅकयार्डमध्ये आईच्या नावाने पान वाढून ठेवलं. आमची कॉलनी नवी कोरी, झाडं माझ्या खांद्याएवढी, कावळा येणार कुठून? खार आली, वडा पळवून गेली. बाबा म्हणाले, चला, हिची इच्छा आता खारीला कळली. हसलो आम्ही दोघं, पण ते हसून झाल्यावर बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. आणि पुढच्या खेपेला चिनी गावात गेलो तर तिथल्या विजेच्या तारांवर कावळ्यांची रांगच रांग. बाबा जिन्यावरच थांबले. वर्षश्राद्ध इथे करायचं, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, हे लोक काय म्हणतील? तर म्हणे, ज्यांनी हाडं धुऊन घरी पाठवली त्यांना मी काय करतोय हे सांगावं लागणार नाही.

मार्गशीर्ष वद्यातली ती तिथी डिसेंबराच्या अखेरीला आली. आमच्या भागात त्या दिवसांत जमिनीतून धुकं वर येतं आणि आठवडा आठवडा हलत नाही. गाडीचं बॉनेट दिसायचं नाही असं धुकं. नवरा म्हणाला, आज कॅन्सल करूया, बांधावरच्या रस्त्याला कठडासुद्धा नाही. बाबा सोवळ्याचं धोतर नेसून, वर स्वेटर घालून तयार बसले होते. मी भात, वरण, उडदाचे वडे, खीर असं सगळं पहाटे उठून केलं होतं. मीच किल्ली उचलली. नवरा खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची पांढरी रेघ सांगत होता आणि मी गोगलगाईसारखी गाडी पुढे काढत होते. एका अंगाला नदी होती. ती दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. मागच्या सीटवर बाबा स्वस्थ होते, आणि त्या स्वस्थपणाचीच मला भीती वाटत होती.

गावात चिटपाखरू नव्हतं. घरांचे वरचे मजले धुक्यात गेलेले, खालच्या रिकाम्या खुर्च्या तेवढ्या दिसत होत्या. चिनीबुवा मात्र वाट बघत उभा होता, दिवस तेवढा त्याला आधी कळवून ठेवला होता. बाबांचं खरं निघालं, त्याला बाकी काही सांगावं लागलंच नाही. त्याने वाफ्याच्या कडेला फळी मांडली, दोन संत्री आणि चहाचा एक पेला आणून ठेवला, उदबत्त्या पेटवल्या आणि मागे सरून हात बांधून उभा राहिला. बाबांनी आठवतील तेवढे मंत्र म्हटले, पिंड ठेवला, पान वाढलं, आणि आम्ही सगळे लांब झालो.

कावळे होते. धुकं जरा विरळ झालं की वर तारेवर काळे ठिपके दिसत होते आणि मधून एखादा ओरडत होता. पण खाली एकही उतरेना. उदबत्त्या विझत आल्या. नवऱ्याने मला कोपराने डिवचलं, म्हणजे काहीतरी बोल. मी बोलून चालून लॅबमधली बाई, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारी. कावळ्याला आश्वासनं देण्याइतकं माझं डोकं फिरलं नव्हतं. तरी हात जोडले. म्हटलं, आई, बाबांची मी काळजी घेईन. काही नाही. म्हटलं, त्यांना काही म्हणजे काही कमी पडू देणार नाही, शेवटपर्यंत माझ्याजवळ ठेवीन. वर पंखांची फडफड झाली आणि दोन-तीन ठिपके तारेवरून पार लांब सरकले.

काय म्हणायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. बाबांना घरी नेऊन पोचवते, एवढंच. चार शब्द. आईचा जीव त्या घरात अडकलेला, ते रिकामं पडलेलं तिला कसं बघवेल? शब्द अगदी ओठांवर आले होते. पण एकदा बोलले असते तर पाळावं लागलं असतं, आणि मला बाबा हवे होते. आई गेली तेव्हा मी पोचू शकले नव्हते, पुन्हा तसली तार घ्यायची माझी तयारी नव्हती. मी दात आवळून गप्प उभी राहिले. चिडले होते मी, आईवर, कावळ्यांवर आणि त्या गिळायला बसलेल्या धुक्यावर.

तेवढ्यात बाबा पुढे झाले. धोतराचा सोगा सावरून पानाजवळ वाकले, आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईशी बोलावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "अगं, फार दिवस एकटं नाही ठेवणार तुला."

ते सरळ व्हायच्या आत कावळा उतरला. एक, आणि पाठोपाठ दुसरा. पिंडाला चोच लावली, भात उडाला, खिरीत पाय पडले. बाबांनी हात जोडले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी वर्षभरात बघितलं नव्हतं. आणि मी, जिने त्या कावळ्यासाठी जीव टांगणीला लावला होता, तीच मी आता त्याची मान मुरगळायला निघाले असते. नवऱ्याने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

परतताना मी गाडीतच सांगून टाकलं, बाबा, ग्रीन कार्ड गेलं खड्ड्यात, पाडव्याला तुम्ही आपल्या घरी असाल, मी स्वतः येते पोचवायला. उद्याच तिकीट बुक करते. खूप भराभर बोलले, कोणाला तरी गाठायचं असल्यासारखी. बाबा म्हणाले, बघू, घाई काय आहे आता. घरी आल्यावर वाढलेलं सगळं जेवले, खीर मागून घेतली. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत डोकावले तर दाराशी बॅग नव्हती. कपडे कपाटात नीट घड्या घालून लावलेले आणि रिकामी बॅग वर, मी ठेवायचे तिथेच. हेच मला किती महिने हवं होतं. मी पलंगाच्या काठावर बसून रडले, आणि ते बाहेर टीव्हीवर बातम्या बघत होते.

तिकीट मी काढलंच. डॉक्टरला दाखवलं, त्याने छाती, रक्त, सगळं तपासून ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. संक्रांत झाली, त्यांनी माझ्या हातचा तिळगूळ खाल्ला, कडक झाला म्हणून नावंही ठेवली. त्याच आठवड्यात एका दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत चहाची वाट बघत बसले होते. मी चहा घेऊन गेले तोवर गेलेले होते. हाक मारायचा अवकाशसुद्धा मिळाला नाही.

दहाव्याला मी पिंड घेऊन त्याच गावात गेले. मी मुलगी, मी करू नये, असं कोणी म्हणायला तिथे नव्हतंच. धुकं त्या दिवशी विरलं होतं आणि ऊन पडलं होतं. बांधाच्या डोक्यावरून नदी चमकत होती. वर बघितलं तर तारांवर एकही कावळा नव्हता, लांबपर्यंत नव्हता. चिनीबुवाने फळी मांडली, संत्री ठेवली, पेल्यात चहा ओतला. मग मला विचारलं, आता घरी जाणार ना ते? मी म्हटलं, हो, या आठवड्यात, मी अस्थी घेऊन जातेय, त्याच तिकिटावर, फक्त तारीख बदलून. तो म्हणाला, विमानाने लवकर पोचतील. आमच्या लोकांना फार वेळ लागायचा. त्याच्या आवाजात हेवा होता, आणि त्याने तो लपवलाही नाही.

आज खूप वेळ लागणार, याची मी तयारीच केली होती. वाटेत गाडीत शब्द पाठ केले होते. बाबा, तुम्हाला घरी नेते, कालव्यात नाही, नदीत सोडते, आईला सोडलं तिथेच. मागच्या वेळी जे माझ्या तोंडून निघालं नाही ते या वेळी स्पष्ट बोलायचं, गावाला ऐकू जाईल असं बोलायचं, आणि ते ऐकल्यावरच कावळा शिवेल, असं मी धरून चालले होते. पान ठेवलं. हात जोडायला म्हणून मागे सरले, तर पाठीमागून पंखांचा वारा लागला. कावळा माझ्या खांद्यावरून खाली उतरला आणि सरळ पिंडाला शिवला.

माझं काही ऐकायची बाबांना गरजच राहिली नव्हती. मी तशीच उभी राहिले, तोंड उघडं, शब्द तसेच तोंडात.